वेल्सचा चमचा, खम्हारचं लाकूड

भिलाईच्या कडेला असलेल्या कुरुदच्या गोदामात जुन्या चौकटींच्या ढिगावर तो चमचा पडलेला दिसला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आपल्या घरी चोरी झाली.

गोदाम म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. कुरुदकडची शेतं जाऊन तिथे प्लॉट पडू लागले, तशी आसपासच्या गावांतली जुनी घरंही पडू लागली. त्या घरांची दारं, कोरलेले खांब, जाती, धान मोजायचे लाकडी काठे, पितळी समया असं सगळं एका माणसाकडे जमा होतं. तो ते रायपूरच्या हॉटेलवाल्यांना आणि बंगलेवाल्यांना विकतो. मी महिन्यातून दोनदा तरी स्कूटर काढून तिकडे जातो. बहुतेक वेळा काही घेत नाही. वस्तू उलटी करून, तिची मागची बाजू बघून परत ठेवतो. त्यामुळे त्या माणसाला मी फारसा आवडत नाही.

चमचा वीतभराहून थोडा मोठा होता. दांड्यावर बदाम कोरलेला, त्याच्याखाली आऱ्यांचं चाक, आणि टोकाला लाकडाच्याच तीन कड्यांची साखळी. छत्तीसगडात असा चमचा कोणी करत नाही. माझ्या माहितीप्रमाणे आख्ख्या भिलाईत असा एकच चमचा होता आणि तो माझ्या घरी काचेच्या कपाटात होता.

"ये कहाँ से आया?" मी विचारलं.

"अंकलजी, अंग्रेज साहब के बंगले का है। रेलवे में थे कोई। दो सौ साल पुराना है।"

दोनशे वर्षांपूर्वी इथे रेल्वे कुठली आली? पण मी वाद घातला नाही. चमचा नाकाजवळ नेला. भिलाईच्या पोलाद प्लांटच्या पॅटर्न शॉपमध्ये माझी सगळी नोकरी लाकडाचे साचे करण्यात गेली. ओतकामाआधी लाकडाचा हुबेहूब नमुना करायचा, त्यावरून वाळूत साचा घ्यायचा आणि मग धातू ओतायचा. नमुना केसभर चुकला तर टनभर लोखंड वाया. त्या कामाने मला दोन गोष्टी दिल्या. लाकूड हुंगून ओळखता येतं, आणि कशावरही चटकन विश्वास बसत नाही. हे लाकूड शिवणीचं होतं. इथे त्याला खम्हार म्हणतात. रंग मात्र धुराने काळपट झालेला. माझा चमचा विलायती झाडाचा, वजनाने जड. म्हणजे हा माझा नव्हता.

जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. चोरी झाली नसेल तर मग कोणीतरी माझ्या चमच्याची नक्कल केली होती. ती धुरावून, जुनी करून, साहेबाच्या नावाने विकायला ठेवली होती. माझ्या घरात येऊन, माझं कपाट बघून.

घरी आलो तो चप्पल न काढताच कपाटापाशी गेलो. चमचा जागेवर होता.

या कपाटाबद्दल सांगायला हवं. माझी मुलगी नर्स आहे. नोकरीसाठी ती वेल्समध्ये गेली, तिथेच राहिली. मी रिटायर झाल्यावर आम्ही दोघं नवराबायको तिच्याकडे पाच महिने राहून आलो. तिच्या गावाहून टेकडीवर चढलं की लांबवर पोलादाच्या कारखान्याची धुरांडी दिसायची, त्यामुळे मला पहिल्याच आठवड्यात बरं वाटलं. ती ड्यूटीवर गेली की आम्ही दोघं बसने आसपासच्या खेड्यांत हिंडायचो. एका गावच्या सभागृहात दुपारभर गाण्यांची आणि कविता म्हणण्याची स्पर्धा चालली होती. सगळी त्यांच्या भाषेत. एक अक्षर कळलं नाही. एक म्हातारा शेतकरी चिखलाचे बूट बाहेर काढून, मोज्यांवर स्टेजवर चढला आणि डोळे मिटून असा काही म्हणू लागला की माझ्या बायकोने माझा हात दाबला. "आपल्या मंडईतल्यावानी वाटून राहिलं," ती म्हणाली. मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरते ती जत्रा. रात्रभर चालणाऱ्या आमच्या मंडईत आणि त्या चहाबिस्किटांच्या सभागृहात काहीच सारखं नव्हतं, तरी तिचं म्हणणं मला पटलं.

त्या हिंडण्यातच मी वस्तू घ्यायला लागलो. लोण्यावर छाप उठवायचा लाकडी ठसा घेतला. एक कानतुटका निळा जग घेतला. शेतघराचं आणि मेंढ्यांचं जलरंगातलं छोटं चित्र घेतलं, ते कोणी काढलं हे आजतागायत कळलेलं नाही. आणि हा चमचा. तिकडे पूर्वी मुलगा आवडत्या मुलीला असा चमचा कोरून द्यायचा. बदाम म्हणजे प्रेम, चाक म्हणजे मी तुझ्यासाठी राबेन. साखळीच्या कड्यांवरून किती लेकरं हवीत तेही सांगायचे म्हणे. बायको हसली होती. "लग्नाच्या आधीच लेकरं मोजतेत का हे लोक?"

चमचा एका म्हातारीकडून घेतला. तिचं शेत विकलं गेलं होतं आणि ती गोठ्यातल्या टेबलावर घरातल्या वस्तू मांडून बसली होती. माझ्या आजोबांनी आजीसाठी कोरला, असं ती म्हणाली. आणखीही बरंच बोलली. मुलगी मला हळू आवाजात सांगत होती. माझं लक्ष चमच्यावर यंत्राच्या खुणा आहेत का याकडे होतं. इतक्या सहज ती चमचा देते आहे म्हणजे खोट असणार, असं मला वाटत होतं. खुणा सापडल्या नाहीत, म्हणून घेतला.

आता प्रश्न असा, की नक्कल केली कोणी?

आमच्या घरी येतं कोण? बायकोच्या भजनी मंडळाच्या बायका येतात. हळदीकुंकवाला त्यांनी कपाटापुढे उभं राहून मोबाइलवर फोटो काढले होते. शेजारचे गृहस्थ येतात, माझ्यासारखेच प्लांटमधून रिटायर झालेले. त्यांनी एकदा जग हातात घेऊन विचारलं होतं, "ये सब असली है क्या?" तेव्हापासून ते माझ्या मनातून उतरले होते. आणि एक सुतार, ज्याने हे कपाट केलं. शिवनाथ नदीपलीकडच्या गावातला, साठीचा, कमी बोलणारा. पंधरा दिवस आमच्या ओसरीत त्याने काम केलं होतं.

मी कपाटाला छोटं कुलूप लावलं. बायकोने ते पाहिलं.

"चमच्याले कुलूप? आता मिठाच्या बरणीलेबी लावा."

"कपाटातल्या वस्तू कोणी हाताळल्या का, ते सांग."

"मी पुसते हफ्त्याले. अजून कोन हात लावन?" असं म्हणून ती गॅसकडे वळली. भाजी शिजली होती, तरी ती ढवळत राहिली. मी ते पाहिलं. मनात म्हटलं, हिच्या हातून काहीतरी फुटलंय आणि ही लपवतेय. जग काढून पाहिला. कान आधीच तुटलेला होता, नवीन काही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा कुरुदला गेलो आणि गिऱ्हाईक असल्याचं सोंग केलं. म्हटलं, चमचा छान आहे, पण जोडी हवी. मिळेल का?

"मिल जाएगा, अंकलजी। दो-तीन और आने वाले हैं।"

मेलेल्या साहेबाच्या बंगल्यातून अजून दोनतीन चमचे यायचे होते. मी मान डोलावली आणि शेडमध्ये हिंडू लागलो. एका जुन्या दाराची खालची चौकट कुजली होती, तिथे नवा तुकडा बसवला होता. मी वाकून सांधा बघितला. बायकोचं अक्षर नवऱ्याला ओळखू येतं तसा मला सुताराचा सांधा ओळखू येतो. हा सांधा डाव्या अंगाला किंचित तिरका होता, उगीच नव्हे, पाणी निथळून जावं म्हणून. माझ्या कपाटाच्या तळाला अगदी तसाच सांधा होता.

म्हणजे तोच. कमी बोलणारा.

त्या दोनतीन दिवसांत मी मनातल्या मनात त्याच्यावर पुष्कळ आरोप ठेवले. पंधरा दिवस त्याने मान खाली घालून काम केलं ते म्हणजे नजर लपवत होता. चहा देताना तो दर वेळी उठून उभा राहायचा तो साळसूदपणा. बायकोशी तो दोन शब्द जास्त बोलायचा, तेही मला आता आठवलं. त्याला कामाच्या जागी, हातात हत्यार असताना पकडायचं, म्हणजे नाही म्हणता येणार नाही, असं ठरवलं.

नेमकी मी निघालो त्या दिवशी अमावस्या निघाली. आमच्या घरी जिवती, गावात हरेली, इकडचा पावसाळ्यातला शेतकऱ्यांचा सण. बायकोने सकाळी भिंतीवर जिवतीचं चित्र लावलं, पुरणाची डाळ शिजत होती.

"आज सनाच्या दिवशी कुठी चालले, अजी?"

"काम आहे."

"कोनाले पकडाले चालले का?" ती म्हणाली. गमतीत म्हणाली, पण मला ते लागलं.

दुर्ग ओलांडून पुलावरून पलीकडे गेलो. रोवणी झालेली शेतं दोन्हीकडे. गावात दारोदारी निंबाच्या डहाळ्या खोचलेल्या, पोरं बांबूच्या गेडीवर उंच होऊन चिखलातून टकटक चालत होती. गावाला हरेली पुरती चढली होती आणि मी मनात खटला घेऊन सुताराचं घर विचारत होतो.

तो अंगणात होता. शेणाने सारवलेल्या जागेवर त्याने आपली सगळी हत्यारं धुऊन ओळीने मांडली होती. वासला, रंधा, करवत, पटाशा. त्यांवर हळदीकुंकू, फुलं, आणि समोर तांदळाच्या पिठाचे चीले, म्हणजे धिरडी. मला पाहून तो उठून उभा राहिला. तोच साळसूदपणा.

"आव बाबूजी, बइठव। आज तो छुट्टी हे औजार मन के।"

हत्यारांना सुट्टी. आज ती कोणी हातात घेणार नव्हतं. त्याला काम करताना पकडायचा माझा बेत तिथेच मोडला. मी खाटेवर बसलो आणि ओळीवरून नजर फिरवली. शेवटी एक हत्यार असं होतं, जे इथल्या सुताराकडे मी कधी पाहिलं नव्हतं. विळ्याचं टोक तापवून आत गोल वळवलेली सुरी.

"ये का काम आथे?" मी विचारलं. आवाज कडक ठेवला.

"चम्मच के पेट खोदे बर," तो म्हणाला आणि हसला. चमच्याचं पोट कोरायला. "लोहार करा बनवाये हंव। तुंहर घर के चम्मच ल देख के सीखेंव, बाबूजी।"

सुरी लोहाराकडून करवलेली, आणि कोरायला तो शिकला माझ्याच घरचा चमचा बघून. नाही म्हणेल, मग मी पुरावा काढेन, असं सगळं मनात रचून आणलं होतं. तो उठून आत गेला आणि चूल होती त्या खोलीत मला बोलावलं. चुलीच्या वर, धुरात, दोरीला चार चमचे टांगले होते. दोन पूर्ण, दोन अर्धवट. सगळ्यांवर धुराची काळपट झाक. चुलीवर टांगलं की लाकडाला कीड लागत नाही, त्याने सांगितलं. नांगराच्या मुठीपासून मुसळापर्यंत सगळं लाकूड त्यांच्याकडे असंच पिकवतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझी आजी भंडाऱ्याकडच्या गावात बियाण्याची कणसं अशीच चुलीवर टांगायची. पण गोदामात चमचा हातात घेतला तेव्हा धुराचा रंग पाहून मला फक्त लबाडी दिसली.

"गोदामवाल्याला तू काय म्हणून दिला?" मी विचारलं.

चमचा म्हणून दिला, तो म्हणाला. तिथे दारं दुरुस्त करायला जातो, डबा खाताना पिशवीतला चमचा गोदामवाल्याने पाहिला आणि मागितला. साहेब, बंगला, रेल्वे यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर तो जरा गोंधळला, मग त्याने आपल्या बायकोला ते सांगितलं आणि ती पदरात तोंड लपवून हसली. तिच्या हातात एक चमचा होता, साखळी नसलेला, बदाम वाकडा झालेला. त्याने केलेला तो पहिला चमचा. मला चीले खायला बसवलं होतं आणि त्याच चमच्याने ती भाजी वाढत होती.

"पण माझ्या चमच्याचं माप तू घेतलं कधी? कपाट तर मी नेहमी..."

"बाई दे रिहिस, चार दिन बर," तो सहज म्हणाला.

बाईंनी दिला होता. चार दिवसांसाठी.

मी हातातला चीला खाली ठेवला. मी पाणी प्यायलो. मग तो थोडा पुढे झुकून, एखाद्या घरात आजारी माणसाबद्दल बोलावं तसं हळू बोलला. "एक बात कहंव? तुंहर चम्मच के सांकर म जोड़ हे। गोंद लगे हे। मोर वाला एके लकड़ी के हे।"

माझ्या चमच्याच्या साखळीत जोड आहे, डिंकाने चिकटवलेला. त्याची साखळी एकाच लाकडातून कोरलेली. नोकरीभर लाकूड पाहिलेल्या माणसाला हे एका खेड्यातल्या सुताराने सांगावं, आणि तेही माझ्याच कपाटातल्या वस्तूबद्दल.

परतताना रस्ताभर मी त्याच्यावर नाही, त्या म्हातारीवर चिडलो होतो. गोठ्यातल्या टेबलामागून हसणारी ती. आजोबा म्हणे, आजी म्हणे.

घरी पोचलो तेव्हा पुरणपोळ्या झाल्या होत्या. मी कुलूप काढलं, चमचा उजेडात नेला, भिंग लावलं. मधल्या कडीवर केसाएवढी रेघ होती. नीट बघितलं तरच दिसणारी, पण होती. पाच वर्षं हा चमचा माझ्याकडे होता.

बायको दारात उभी होती.

"तू सुताराला चमचा दिला होतास?"

"देल्ला," ती म्हणाली. "तुमी नागपूरले डोळ्याच्या ऑपरेशनले गेल्ते तवा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमाले इचारलं असतं तं तुमी देल्ला असता का?"

मी भिंग खाली ठेवलं. ती आत आली, पदराने हात पुसले. "तो मले म्हने, बाई, आता सगळे प्लायवूडच सांगतेत. पट्टी लावा, खिळे ठोका, झालं. हात विसरून राहिले. हे करता येते का पाहातो म्हने. चार दिवसानं परत आनून देल्ला, फडक्यात गुंडाळून. त्या मानसाले चोर समजले ना तुमी?"

"हो."

"अन् मले?"

"तुझ्या हातून जग फुटला असं वाटलं होतं."

तिने कपाळावर हात मारला आणि पोळी वाढायला गेली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी म्हातारीबद्दल तक्रार केली. आपल्याला फसवलं तिने, साखळी चिकटवलेली आहे. मुलगी एकदम म्हणाली, "बाबा, पर उसने बताया था ना! लहान होते तेव्हा तिच्या मुलांनी ओढून ती कडी तोडली होती, मग तिचा नवरा होता तेव्हा त्याने जोडली. मी तिथेच सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही भिंग लावून बसले होते."

मला आठवलं नाही. तिने सांगितलं असणार, कारण ती खोटं बोलत नाही. पण त्या दुपारचं मला फक्त टेबल आठवतं, लाकूड आठवतं, आणि माझं स्वतःचं, कोणी मला फसवू नये म्हणून ताठ झालेलं अंग आठवतं. म्हातारी काय सांगत होती, तिच्या चेहऱ्यावर काय होतं, काही म्हणजे काही आठवत नाही. ते मला फार लागलं. नवरा गेलेला, शेत गेलेलं, आणि मुलांनी तोडलेल्या कडीची गोष्ट ती एका परक्या माणसाला सांगत होती.

दोन दिवसांनी मी कुरुदला गेलो. चमचा गेला होता. रायपूरचं एक जोडपं घेऊन गेलं, घरात लावायला. मी गोदामवाल्याला स्पष्ट सांगितलं, तो चमचा साहेबाचा नाही, कोणाचा आहे ते मला माहीत आहे.

"अंकलजी," तो शांतपणे म्हणाला, "आप भी तो पुराना समझकर ही हाथ में लिए थे। नया बोलता तो देखते क्या?"

मी तिथून थेट सुताराकडे गेलो आणि म्हटलं, यापुढे प्रत्येक चमच्याच्या पाठीवर तुझी खूण कोरत जा. त्याला याची गरज पटेना. चमचा चांगला असला म्हणजे झालं, कोणी केला त्याचं काय, असं त्याचं म्हणणं. शेवटी माझ्या समाधानासाठी त्याने निंबाचं छोटं पान कोरायला सुरुवात केली.

महिन्याभराने मी गोदामात गेलो आणि सवयीने चमचा उलटा केला. पाठ गुळगुळीत होती. पान घासून काढलं होतं. वर पुन्हा तोच साहेब, तोच बंगला.

या वेळी मी तो चमचा विकत घेतला आणि बायकोलाही स्कूटरवर घेऊन गावात गेलो. सुताराने तो चमचा हातात घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला. त्याचा चेहरा पहिल्यांदा उतरलेला पाहिला. रागावला नाही, मान खाली घालून बसला. माझी बायको त्याच्या बायकोशेजारी चुलीपाशी बसली होती, तिथून म्हणाली, "पान अशा जागी काढा ना, का घासलं तं चमचाच तुटन."

त्याने मान वर केली. अर्धवट चमचा दोरीवरून काढला, चाकाकडे बघितलं, आणि सहा आऱ्यांपैकी एक आरा निंबाच्या पानाचा केला. पान काढायचं तर चाक फुटणार.

गोदामवाला महिनाभर त्याच्याकडून काही घेईना. मग घेऊ लागला. आता तो गिऱ्हाइकांना काय सांगतो ते मी विचारत नाही. पण दर पंधरा दिवसांनी जातो, एकेक चमचा उचलतो आणि आरे मोजतो. सहा भरतात. त्यातला एक पानाचा आहे ना, तेही बोटाने चाचपून बघतो.